फोनमधले प्राणी-पक्षी कसे ओळखायचे: इंदूरच्या नवख्या मीम-निरीक्षकांसाठी

मागच्या थंडीत आमच्या मावशीने पहिल्यांदा स्मार्टफोन घेतला आणि पंधरा दिवसांत ती अकरा ग्रुपमध्ये होती, माहेरचा, सासरचा, सोसायटीचा, भिशीचा, भजनी मंडळाचा, असे सगळे, आणि मग रोज संध्याकाळी मला फोन, "अगं, भाच्याने मला कुत्र्याचं तोंड पाठवलंय, माझं काही चुकलं का गं?" तिला खरंच वाईट वाटायचं. सगळे हसतायत आणि आपल्याला कळत नाहीये, हे साठाव्या वर्षी फार लागतं.

मी हिवाळ्यात रविवारी सकाळी सिरपूर तलावावर पक्षी बघायला जाते. नवीन माणूस पहिल्या दिवशी येतो तेव्हा त्याला पाण्यावर नुसती बदकं दिसतात, सगळी सारखीच. मग कोणीतरी सांगतं की बाबा चोच बघ, पळीसारखी चपटी असली तर थापट्या, टोकाला पिवळी आणि मुळाशी लाल ठिपका असला तर हळदी-कुंकू, आणि अर्ध्या तासात तोच माणूस बोट दाखवून नावं घ्यायला लागतो. मला वाटलं मावशीलाही हेच शिकवावं, फक्त तलावाच्या जागी फोन. शिकवलं, आणि जमलं. जे जमलं ते इथे क्रमाने लिहितेय, ज्यांच्या घरी अशी मावशी, काका, आजी आहेत त्यांच्यासाठी आणि खुद्द त्या मावश्यांसाठी पण.

आधी एक गोष्ट, म्हणजे ही तुलना मी ओढूनताणून आणलेली नाहीये. 'मीम' म्हणजे फोनवर हातोहात फिरणारे, थोडेथोडे बदलत जाणारे गमतीचे फोटो-व्हिडिओ, आणि हा शब्दच एका जीवशास्त्रज्ञाने बनवला. रिचर्ड डॉकिन्स, साल १९७६, इंटरनेट घराघरात यायच्या कितीतरी आधी. ग्रीक भाषेत 'मिमेमा' म्हणजे नक्कल केलेली गोष्ट, तो शब्द त्यांनी छाटून 'जीन'शी यमक जुळेल असा केला. त्यांचं म्हणणं असं की जीन जसे आईबापांकडून मुलांत जातात तशा चाली, म्हणी, कपड्यांच्या फॅशनी एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जातात, जाताना थोड्या बदलतात, आणि ज्या टिकायच्या त्याच टिकतात. म्हणजे फोनवर जे फिरतंय त्याला जात, उपजात, अधिवास असं म्हणणं हे शब्दाच्या जन्मापासूनच बरोबर आहे.

पायरी १: वही घ्या

साधी वही, शंभर पानी. मोबाईलच्या नोट्समध्ये नको, कारण मोबाईल उघडला की परत ग्रुप उघडतो आणि निरीक्षण राहून जातं, हे माझ्या बाबतीत दहादा झालंय. एका पानावर एकच मीम. तारीख, वेळ, कुठल्या ग्रुपवर दिसला, फोटो आहे की व्हिडिओ की नुसता आवाज, वर काय लिहिलंय, आणि सगळ्यात शेवटी, तुम्हाला काय वाटलं. पाठवणाऱ्याचं नाव लिहू नका. पक्षी बघताना आपण पक्ष्याची नोंद करतो, ज्याच्या बागेत दिसला त्या माणसाची नाही.

पायरी २: एकच जागा निवडा

अकरा ग्रुप एकदम बघू नका, एकच घ्या, शक्यतो नातेवाईकांचा, आणि आठवडाभर तेवढाच बघा. प्रत्येक ग्रुप म्हणजे वेगळं रान. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची सूचना आणि हरवलेल्या चाव्या यांच्यामध्ये मीम फार जगत नाही. कॉलेजच्या मुलांच्या ग्रुपवर तो दुपारी जन्मतो आणि रात्री सराफ्यात गराडू खाईपर्यंत जुना झालेला असतो, तोच मीम नातेवाईकांच्या ग्रुपवर तीन आठवड्यांनी पोचतो आणि मग तिथून हलत नाही, वर्षानुवर्षं राहतो. हे मी माझ्या वहीत परत परत पाहिलंय.

वेळही ठरवा. सकाळी सहा ते आठ बघाल तर फक्त एकच जात दिसेल, ती म्हणजे सुप्रभात: गुलाब, उगवता सूर्य, चहाचा कप, खाली सुविचार. हा आपल्याकडचा कायमचा रहिवासी, चिमणीसारखा, आणि संख्येने प्रचंड. २०१८ च्या सुरुवातीला तर बातमी आली होती की भारतात लोकांचे फोन भरून बंद पडायला लागले, आणि गूगलवाल्यांनी शोध घेतला तेव्हा कारण निघालं हे गुड मॉर्निंगचे फोटो. त्यांनी मग असे फोटो शोधून काढून टाकायची सोय केली. नवख्याने सुरुवात याच जातीपासून करावी असं माझं स्पष्ट मत आहे. लोक हिला नावं ठेवतात, पण चिमणी नीट बघितली नाही त्याला पुढे गवतातला वटवट्या कसा ओळखता येणार? आणि एकट्या राहणाऱ्या आजोबांचा गुलाब रोज सहा वाजता आला नाही तर त्यांना फोन करायला हवा हे आमच्या ग्रुपला त्या गुलाबामुळेच कळतं.

पायरी ३: अंगावरच्या खुणा

इथे थोडा वेळ द्या, कारण खरी मजा इथेच आहे.

पहिली खूण बाण. व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर एक बाण असेल तर तो कोणीतरी पुढे ढकललेला आहे, दोन बाण असतील तर तो एकापाठोपाठ निदान पाच वेळा फॉरवर्ड होऊन तुमच्याकडे आलाय. अभ्यासक ओळखीसाठी पक्ष्याच्या पायात कडी घालतात तसं हे. २०१८ मध्ये अफवांमुळे आपल्या देशात माणसं मारली गेली त्यानंतर एका वेळी पाचच चॅटला पाठवता येईल अशी मर्यादा इथे आली, आणि एप्रिल २०२० पासून दोन बाणवाला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. पण लक्षात ठेवा, कोणी तो फोटो गॅलरीत ठेवून नव्याने पाठवला की कडी निघून जाते. म्हणजे दोन बाण असले तर तो खूप फिरलाय हे नक्की, पण नसले तर ताजाच आहे असं नाही.

दुसरी खूण अक्षरं. जाड, ठोकळ्यासारखी पांढरी अक्षरं, त्यांना काळी कड, फोटोच्या वर एक ओळ आणि खाली एक ओळ, असं दिसलं की समजा जुन्या घराण्यातला. तो फॉन्ट इम्पॅक्ट, जेफ्री ली यांनी १९६५ मध्ये केला, पुढे बहुतेक कॉम्प्युटरवर आपोआप यायला लागला आणि २००७ च्या आसपास मांजरांचे मीम आले तेव्हा सगळ्यांनी तोच वापरला. आजकालच्या जातींमध्ये फोटोच्या डोक्यावर पांढरी पट्टी असते आणि तिच्यात साधी बारीक अक्षरं.

तिसरी खूण कातडी, म्हणजे फोटोची क्वालिटी. बहुतेक फोटो जेपेग असतात आणि जेपेग दरवेळी नव्याने सेव्ह होताना थोडी माहिती टाकून देतो, म्हणून स्क्रीनशॉट काढला, कडा कापल्या, दुसऱ्या ॲपवर चढवला, तिथून परत स्क्रीनशॉट, असं होत होत चेहऱ्यावर चौकोन चौकोन येतात, अक्षरांभोवती डाग पडतात. अशा फोटोत कधी कधी कोपऱ्यात तीन-तीन पेजची नावं एकावर एक दिसतात, कुठून कुठून आला त्याचा तो मागच असतो. ती नावं वहीत लिहून घ्या, नंतर उपयोगी पडतात.

पायरी ४: चार-पाच जाती पाठ करा

सगळ्या नका करू, चार-पाच पुरेत, बाकीच्या त्यांच्या तुलनेत कळतात.

वळून बघणारा बॉयफ्रेंड. एक मुलगा गर्लफ्रेंडचा हात धरून चाललाय आणि दुसरीकडे वळून बघतोय, ती रागावलीय. हा स्पेनचा फोटोग्राफर अँटोनियो गिलेमने विकायला काढलेला स्टॉक फोटो, जगभर पसरला तो २०१७ मध्ये. याचं शरीर तेच राहतं, फक्त तिन्ही माणसांवरची लेबलं बदलतात. आमच्याकडे मुलावर 'इंदूरकर', गर्लफ्रेंडवर 'घरची पोळी-भाजी' आणि तिसरीवर 'छप्पन दुकान' असं लिहून आला होता. हे कळलं की टेम्प्लेट म्हणजे काय ते कळलं.

कमरेवर हात ठेवलेला माणूस. १२ जून २०१९, वर्ल्ड कप, इंग्लंडमधलं टाँटन, पाकिस्तान विरुद्ध ऑस्ट्रेलिया, डेव्हिड वॉर्नरचा कॅच सुटला आणि स्टँडमधला एक पाकिस्तानी प्रेक्षक, मुहम्मद सारिम अख्तर, कमरेवर हात ठेवून नुसता बघत राहिला. तो चेहरा सीमा ओलांडून आपल्या घरात राहायला आला. दहावीचे मार्क सांगितल्यावर वडिलांचा चेहरा म्हणून मी तो कितीतरी वेळा पाहिलाय.

आणि मावशीचं कुत्र्याचं तोंड. ती जपानची काबोसू, शिबा इनू जातीची कुत्री, तिला एका शिक्षिकेने अनाथ कुत्र्यांमधून घरी आणली होती, फेब्रुवारी २०१० मध्ये त्या बाईंनी तिचे फोटो ब्लॉगवर टाकले, त्यातला एक, तिरक्या नजरेने बघणारा, २०१३ मध्ये 'डोज' नावाने जगभर गेला आणि त्याच वर्षी त्याच्या नावाने एक आभासी नाणंही निघालं. काबोसू २४ मे २०२४ ला गेली. या नजरेचा अर्थ राग नाही, 'अरे वा, बघा बघा' असं काहीसं आहे. मावशीला हे सांगितलं तेव्हा तिने आधी विचारलं, कुत्री शेवटी आजारी होती का गं. आणि मग म्हणाली, म्हणजे भाचा चिडलेला नाहीये.

बाबूराव ही जात तर आपल्यासारखीच आहे. २००० सालच्या 'हेरा फेरी'तला परेश रावल यांचा बाबूराव गणपतराव आपटे, धोतर, जाड चष्मा, बोलतो हिंदी पण हेल मराठी. इंदूरच्या मराठी घरात आपणही असंच बोलतो ना, घरात मराठी, दारात हिंदी, रागात दोन्ही, म्हणून हा दोन्ही रानांत सारखाच रमतो. इथले चांगले मीम बरेचदा असे संकरित असतात, वरची ओळ हिंदी आणि मधेच एक 'अगं बाई'. पुण्याहून येणारे पाट्यांचे मीम मात्र पाहुणे. ते येतात, लोक हसतात, पण इथे पिल्लं घालत नाहीत, कारण आपल्याकडे दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवायची पद्धतच नाही.

आणि इथलीच म्हणावी अशी जात म्हणजे पोहे. जीरावन घातलेले पोहे, वर शेव, बाजूला जिलबी, आणि 'भिया' अशी हाक. ही देवासच्या पुढे गेली की लोकांना पूर्ण कळत नाही. हिचा हंगामही ठरलेला, स्वच्छ सर्वेक्षणाचा निकाल लागला की. २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा इंदूर पहिलं आलं आणि दरवेळी त्या दिवशी ग्रुपवर पोह्यांचे आणि कचरागाडीचे थवेच्या थवे. वहीत या दिवसासाठी चार पानं कोरी ठेवा.

पायरी ५: कान उघडे ठेवा

जाणते पक्षीनिरीक्षक निम्मे पक्षी आवाजावरून ओळखतात, पानाआडचा पक्षी दिसतो कुठे. रील्सचं तसंच आहे. ऑगस्ट २०२० मध्ये आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या यशराज मुखातेने एका हिंदी मालिकेतल्या कोकिलाबेनच्या रागाच्या संवादाला चाल लावली, स्वयंपाकघरात कुकरपाशी कोण होतं त्याची ती चौकशी, आणि लॉकडाऊनमध्ये घरोघरी तेच. चित्र कुठलंही असू दे, मांजर असू दे, क्रिकेटर असू दे, चाल ऐकली की जात कळते. म्हणून नवख्यांना सांगते, रील एकदा बघा आणि एकदा डोळे मिटून ऐका. मग आवाजाचं नाव असतं त्यावर बोट ठेवा, त्याच आवाजाचे बाकीचे सगळे रील दिसतात, अख्खं कुटुंब एका झाडावर.

पायरी ६: मूळ शोधा, विशेषतः प्राणी खरा असेल तर

पावसाळा संपता संपता सोसायटीच्या ग्रुपवर रात्री साडेदहाला व्हिडिओ आला, बायपासजवळच्या कॉलनीत बिबट्या, भिंतीवरून उडी मारतोय, 'मुलांना बाहेर सोडू नका'. आता हे अशक्य अजिबात नाही, रालामंडल अभयारण्य शहराला लागून आहे आणि त्या बाजूला बिबटे आहेत. म्हणून कोणालाच शंका आली नाही. दहा मिनिटांत तो सहा ग्रुपवर गेला, एक वॉचमन काका काठी घेऊन एकटे गल्लीत उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तरुण मुलं 'शोधायला' रानाकडे गेली. मला आजही त्याचा राग येतो. माणसांसाठी येतोच, पण बिबट्यासाठीही येतो, कारण घाबरलेल्या लोकांच्या हाती सापडलेल्या बिबट्याचं काय होतं ते सगळ्यांना माहिती आहे.

त्या रात्री मी काय केलं ते सांगते, तुम्हीही हेच करा. व्हिडिओ थांबवून तीन ठिकाणी स्क्रीनशॉट काढले. उभ्या गाडीची नंबरप्लेट मोठी करून बघितली, एमपी ०९ असती तर इंदूर, इथे अक्षरं दुसऱ्याच राज्याची होती. मागच्या दुकानाची पाटी बघितली, लिपी देवनागरी नव्हती. आवाज वाढवून ऐकला, ओरडणारे लोक हिंदी बोलत नव्हते. मग एक स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये टाकला, फोटो दिला की तोच फोटो नेटवर आणखी कुठे आहे ते ते शोधून देतं, टिनआय नावाचं एक आहे तेही चालतं, आणि तोच व्हिडिओ आधीच्या वर्षीच्या बातमीत मिळाला. सगळं मिळून आठ मिनिटं. मग ग्रुपवर लिंक टाकली आणि एवढंच लिहिलं की हा व्हिडिओ जुना आहे, इथला नाही, आणि खरंच बिबट्या दिसला तर व्हिडिओ काढू नका, लांब राहा आणि वनविभागाला कळवा. पाठवणाऱ्याला नावानिशी बोलले नाही. लाज वाटली की माणूस चूक कबूल करत नाही, मेसेज तसाच राहतो.

जीवशास्त्रात याला नक्कल म्हणतात. हेन्री बेट्सने १८६२ मध्ये लिहून ठेवलंय की ॲमेझॉनच्या जंगलातली काही खाण्याजोगी फुलपाखरं कडू फुलपाखरांचं रूप घेतात आणि पक्ष्यांना फसवतात. खोटी बातमीही तशीच मीमचं किंवा काळजीच्या मेसेजचं रूप घेते, आपण हसतो नाहीतर घाबरतो, आणि तपासायचं राहून जातं.

कोकिळाही ओळखायला शिका. कोकिळा आपलं अंडं कावळ्याच्या घरट्यात ठेवते आणि बिचारा कावळा ते उबवतो. जाहिरातवाले आणि निवडणुकीच्या दिवसांत पक्षवाले हेच करतात, ओळखीचं टेम्प्लेट, ओळखीचा विनोद, आणि कोपऱ्यात बारीकसा लोगो. कोपरे बघायची सवय लावा, बाकी काही नाही.

एकाच प्राण्याचा अर्थ रान बदललं की बदलतो, हेही वहीत लिहा. हिरवा बेडूक पेपे, मॅट फ्युरी नावाच्या चित्रकाराच्या २००५ च्या कॉमिकमधला, मूळचा अगदी निरागस. अमेरिकेत वर्णद्वेषी लोकांनी तो इतका वापरला की २०१६ मध्ये अँटी-डेफमेशन लीग नावाच्या तिथल्या द्वेषविरोधी संस्थेने त्याला द्वेषाच्या चिन्हांच्या यादीत घातला, आणि २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनातली तरुण मुलं तोच बेडूक स्वातंत्र्याचं चिन्ह म्हणून भिंतींवर चिकटवत होती. म्हणून तुम्ही पाठवलेला बेडूक बघून परदेशातला भाचा दचकला तर त्याला विचारा की तिकडे याचा अर्थ काय होतो.

पायरी ७: माणूस असेल तर थांबा

हे मी शेवटी लिहितेय पण मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं होतं. मीममधला चेहरा कुणाचातरी असतो. कॅनडात क्वेबेकमध्ये एका शाळकरी मुलाने २००२ मध्ये काठी फिरवतानाचा स्वतःचा व्हिडिओ काढला, स्वतःपुरता, तो २००३ मध्ये शाळेतल्या मुलांनी नेटवर टाकला आणि जग हसलं, त्या मुलाला शाळा सोडावी लागली, घरच्यांना कोर्टात जावं लागलं. उलट अमेरिकेतलं ते मूठ आवळलेलं बाळ, २००७ चा समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो, २०१५ मध्ये त्याच्या वडिलांच्या किडनी ट्रान्सप्लांटसाठी पैसे हवे होते तेव्हा त्याला ओळखणाऱ्या अनोळखी लोकांनी भरभरून दिले. दोन्ही होतं.

आमच्याच घरातलं सांगते. माझ्या चुलतभावाचा मुलगा, नऊ वर्षांचा, लग्नात जेवताना रडत होता, कोणीतरी फोटो काढला, स्टिकर केलं, आणि दोन महिन्यांनी ते त्याच्या वर्गातल्या मुलांकडे होतं. तो सहा दिवस शाळेत गेला नाही. तेव्हापासून माझ्या वहीत एक खाना जास्त आहे: 'माणूस आहे का? त्याला माहिती आहे का?' उत्तर माहिती नसेल तर मी नोंद करते, पुढे पाठवत नाही. लहान मूल असेल तर नोंदही करत नाही, आणि पाठवणाऱ्याला एकट्याला फोन करून सांगते की दादा, हे काढून टाका, प्लीज. आतापर्यंत चार जणांना केला, चौघांनीही काढलं.

मावशीच्या वहीची आता सदतीस पानं भरलीत. रविवारी पोहे झाले की ती मला वाचून दाखवते, आणि बारावं पान अजून अडलंय: निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचा फोटो, वर काही लिहिलेलं नाही, बाण दोन, दर मंगळवारी भिशीच्या ग्रुपवर येतो. लेन्सने काही सांगितलं नाही. जिने पाठवला तिला मावशीने विचारलं, तर तिलाही दुसऱ्या कुणाकडून आलेला. पानावर तारखा वाढत चालल्यात, नावाची जागा कोरी आहे, आणि मावशी म्हणते राहू दे कोरी, पुढच्या मंगळवारी परत बघू.